बूट मोडचा घोळ: लिगसी, यूईएफआय आणि सीएसएमबद्दल वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ टाकायला गेलं की कॉम्प्युटर सुरू होण्याची पद्धत, म्हणजे बूट मोड, आडवी येते. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सेटअपमधलं (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरचं) ‘लिगसी’, ‘यूईएफआय’ आणि ‘सीएसएम’ हेच फिरून फिरून येतं आहे. मराठवाड्यातून आलेली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. पडद्यावरचे इंग्रजी संदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

प्रश्न: आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. कॉम्प्युटर सात-आठ वर्षांचा आहे. लाईट जास्त वेळ गेली की दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ येतं. दुरुस्तीवाला येतो, बायोसमध्ये जाऊन ‘लिगसी’ करतो, मशीन चालू होतं. आठवड्याने पुन्हा तेच. आता तो म्हणतो हार्ड डिस्क बदला. हे लिगसी म्हणजे काय, आणि डिस्क खरंच गेली का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर: डिस्क बदलू नका. डिस्क गेली असती तर नुसतं लिगसी केल्यावर विंडोज सुरू झाली नसती. तुमच्या वर्णनावरून मदरबोर्डवरचा सेल संपलेला दिसतो.

आधी लिगसी काय ते पाहू. विंडोजच्या आधी मदरबोर्डच्या चिपमधला एक प्रोग्रॅम चालतो, त्याला आपण सगळे बायोस म्हणतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली त्याची पद्धत अशी: डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलायचा आणि त्यातला कोड चालवायचा. या ५१२ पैकी ४४६ बाइट कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) यादीला आणि शेवटची २ बाइट ओळखीच्या खुणेला. हा सेक्टर म्हणजे एमबीआर. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, फर्मवेअरला (चिपमधल्या त्या प्रोग्रॅमला) डिस्कवरच्या फाइली वाचता येतात. ते फॅट३२ मधलं एक लहान पार्टिशन शोधतं, त्यातली बूटची फाइल चालवतं, आणि कोणती फाइल चालवायची याची नोंद मदरबोर्डवर ठेवतं. अशा डिस्कवर पार्टिशनची यादी जीपीटी पद्धतीची असते. सीएसएम हा या नव्या फर्मवेअरमधला दुभाषी आहे. जुन्या पद्धतीने टाकलेल्या विंडोजला आणि जुन्या डिस्प्ले कार्डाला समोर जुना बायोसच असल्याचं तो भासवतो. सेटअपमध्ये कुठे ‘सीएसएम सपोर्ट’, कुठे ‘लिगसी सपोर्ट’, कुठे ‘बूट मोड’ असं नाव दिसेल. गोष्ट एकच.

तुमच्या मशीनमध्ये विंडोज लिगसी पद्धतीने टाकलेली आहे, पण बोर्डाचं कंपनीकडून आलेलं मूळ सेटिंग यूईएफआयचं असावं. सेल संपला की सेटिंग पुसलं जातं आणि बोर्ड मूळ सेटिंगवर जातो. मग तो डिस्कवर बूटची फाइल शोधतो, ती तिथे नसतेच, आणि तो ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणतो. लाईट गेल्यावरच असं का होतं? भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधून बोर्डाला थोडा करंट मिळत असतो आणि सेटिंग टिकतं. लोडशेडिंग लांबलं, किंवा रात्री मेन बटण बंद करून गेलात, की सगळा भार सेलवर येतो.

खात्री करून घ्यायची खूण म्हणजे घड्याळ. एरर आलेल्या दिवशी तारीख काही वर्षं मागे गेलेली असेल तर सेलच. तुमच्या धंद्यात याचा आणखी एक त्रास होतो: तारीख चुकीची असली की ब्राउझर सरकारी पोर्टलला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो, आणि लोक उगाच नेटवाल्याला फोन लावत बसतात.

सेल सीआर२०३२ या नंबरचा, ३ व्होल्टचा, नाण्यासारखा चपटा असतो. पॉवरची केबल काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. सॉकेटच्या कडेची पत्र्याची खिट्टी नखाने बाजूला दाबली की सेल वर उडतो. नवा सेल अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा. मल्टिमीटर असेल तर आधी नवा सेल मोजा: ३ व्होल्टच्या वर दाखवायला हवा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेले सेलही विकले जातात. जुना २.७ च्या खाली असेल तर निदान पक्कं झालं.

सेल बसवल्यावर सेटअपमध्ये तीन गोष्टी लावा: तारीख-वेळ, बूट मोड लिगसी (किंवा सीएसएम ‘एनेबल’), आणि साटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत). हा तिसरा मुद्दा बरेच जण विसरतात. विंडोज ज्या साटा मोडमध्ये टाकली होती, बहुधा एएचसीआय, तोच पुन्हा हवा. तो बदलला तर विंडोजचा लोगो दिसतो आणि लगेच निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. तेव्हा पुन्हा बूट मोडशी खेळत बसू नका, दोष साटा मोडमध्ये असतो. शेवटी एफ१० ने सेव्ह करून बाहेर या.

प्रश्न: माझा आठव्या पिढीचा आय५ असलेला डेस्कटॉप २०१८ चा आहे. विंडोज ११ टाकायला गेलो तर मशीन चालणार नाही म्हणतं. दुकानदार म्हणतो विंडोज लिगसीत आहे, फॉरमॅट मारावाच लागेल. टॅली, जुने रिटर्न, सगळं याच मशीनवर आहे. फॉरमॅट न करता जमेल का?
— करसल्लागार, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: जमतं. इंटेलची आठवी पिढी विंडोज ११ च्या यादीत बसते, म्हणजे अडचण प्रोसेसरची नाही. विंडोज ११ ला यूईएफआय बूट हवं, टीपीएम २.० (किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग) हवं आणि मशीन सिक्युअर बूट (फक्त खात्रीचा बूटचा प्रोग्रॅम चालू देणं) करण्याजोगं हवं. सीएसएम चालू असेपर्यंत सिक्युअर बूट चालत नाही.

पहिलं काम तपासणीचं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ इंग्रजीत टाइप करा. उजवीकडे ‘बायोस मोड’ पुढे ‘लिगसी’ असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तिथे आधीच ‘यूईएफआय’ दिसलं तर डिस्कला हात लावायची गरज नाही. सेटअपमध्ये टीपीएम चालू करा, काम तेवढंच. इंटेलच्या बोर्डावर ते ‘पीटीटी’ नावाने असतं, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’.

दुसरं काम डिस्प्ले कार्डाचं, आणि हे डिस्कच्या आधी करायचं. वेगळं ग्राफिक कार्ड लावलेलं असेल आणि ते फार जुनं असेल, तर त्यावर यूईएफआयला लागणारा डिस्प्लेचा प्रोग्रॅमच नसतो. सीएसएम बंद केलं की स्क्रीन काळी. म्हणून काहीही बदलण्याआधी एकदा सीएसएम ‘डिसेबल’ करून सेव्ह करा आणि लगेच डिलीट किंवा एफ२ दाबत पुन्हा सेटअपमध्ये जा. सेटअपचा पडदा दिसला तर कार्ड चालतं. या चाचणीत विंडोज सुरू होणार नाही, घाबरू नका. सीएसएम पुन्हा ‘एनेबल’ केलं की ती परत येते. पडदा काळाच राहिला तर केबल बोर्डावरच्या डिस्प्लेच्या जागी लावून पाहा. तरी काही दिसलं नाही तर पॉवर काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा किंवा बोर्डावरचा ‘क्लिअर सीमॉस’ जंपर वापरा. यात बाकीची सेटिंगंही पुसली जातात, तेव्हा सेटअपचे फोटो मोबाइलवर आधीच काढून ठेवा.

आता डिस्क. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये, १७०३ या आवृत्तीपासून, यासाठीच एक हत्यार दिलं आहे. आधी टॅलीचा डेटा फोल्डर आणि रिटर्न बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. यूपीएस चार्ज आहे ना, ते बघा. रूपांतर चालू असताना लाईट गेली तर पार्टिशनची यादी अर्धवट राहू शकते. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावलेलं असेल तर ‘सस्पेंड’ करा.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. इंग्रजी अक्षरांत एम, बी, आर, दोनचा आकडा, जी, पी, टी हे सलग टाइप करा. मग जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘व्हॅलिडेट’. पुन्हा जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘अलाऊ-फुल-ओएस’, हे तिन्ही शब्द जोडून. रेघ पुढे झुकलेली, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. याने डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, नुसती परीक्षा होते. ‘व्हॅलिडेशन कम्प्लिटेड सक्सेसफुली’ आलं तर ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालून तीच कमांड पुन्हा द्या. बहुधा एक-दोन मिनिटांत आटोपतं.

आपल्याकडच्या मशीनवर ‘व्हॅलिडेट’ फार वेळा फेल होतं, आणि कारण ठरलेलं असतं. दुकानातून मशीन घेताना सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून दिलेले असतात. एमबीआरच्या यादीत जागा चारच. पाचवं पार्टिशन लागलं की एक ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात बाकीचे ‘लॉजिकल’ ड्राइव्ह घातले जातात. या हत्याराला एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही. साधी प्रायमरी पार्टिशनंही तीनपेक्षा जास्त नकोत, कारण चौथी जागा त्याला बूटच्या नव्या पार्टिशनसाठी हवी असते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून मोजा: सिस्टम रिझर्व्हड, सी, डी आणि शेवटी रिकव्हरी, झाले की चार! अशा वेळी डीमधला डेटा बाहेर काढून, उघडून खात्री करून, डी पार्टिशन डिलीट करा. एक्स्टेंडेड असेल तर आधी आतले लॉजिकल ड्राइव्ह, मग हिरव्या चौकटीतली रिकामी जागाही डिलीट करा. रूपांतर झालं की डी पुन्हा करता येतो. विंडोजमध्ये जीपीटी डिस्कवर १२८ पार्टिशन होऊ शकतात, त्यामुळे हा खेळ परत करावा लागणार नाही. डिस्क ‘डायनॅमिक’ (विंडोजची भाग जोडण्याची वेगळी पद्धत) असेल तर मात्र या मार्गाने होत नाही.

‘कन्व्हर्ट’ यशस्वी झालं की लगेच सेटअपमध्ये जाऊन सीएसएम ‘डिसेबल’ करा. आता लिगसीतून ही डिस्क सुरू होणार नाही. बूटच्या यादीत डिस्कच्या नावाऐवजी ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसेल, ते पहिलं ठेवा. मग सिक्युअर बूट चालू करा. ते ‘नॉट अ‍ॅक्टिव्ह’ दाखवत असेल तर तिथेच ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ असा पर्याय असतो, तो दाबा. विंडोज आल्यावर ‘एमएसइन्फो३२’ पुन्हा पाहा. फॉरमॅट मारणं दुकानदाराला सोपं पडतं, पण तुमचा महिन्याचा हिशोब त्या डिस्कवर आहे. हा मार्ग आधी मागून घ्या.

प्रश्न: आमच्या आडतीचा हिशोब फॉक्सप्रोतल्या (जुन्या डेटाबेसमधल्या) डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या सिस्टमच्या, प्रोग्रॅमवर आहे. शेतकऱ्याची पट्टी डॉट मॅट्रिक्सवर निघते. जुनं मशीन बसलं. नव्या मशीनमध्ये डॉससाठी लिगसी करायला गेलो तर तो पर्याय फिकट दिसतो, दाबलाच जात नाही. काय करावं?
— आडत व्यापारी, लातूर

उत्तर: इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत जुनी बायोस पद्धत काढून टाकणार. २०२१ मध्ये आलेल्या ५०० मालिकेच्या बोर्डांपासून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर सीएसएम चालत नाही. वेगळं कार्ड लावलं तर काही बोर्डांवर पर्याय उघडतो. बोर्ड त्याआधीचा असेल तर सिक्युअर बूट ‘डिसेबल’ करून सेव्ह करा आणि पुन्हा सेटअपमध्ये जा, फिकट पर्याय जिवंत होण्याची शक्यता आहे.

पण आमचं मत स्पष्ट आहे: फक्त डॉससाठी कार्ड विकत घेऊ नका. सीएसएम चालू झालं तरी एनव्हीएमई एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) डॉसला दिसेलच असं नाही, आणि प्रिंटरचं पॅरलल पोर्ट (जुनी रुंद केबल लावायची जागा) नव्या बोर्डावर बहुधा नसतंच. ६४-बिट विंडोज १६-बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. म्हणून विंडोजच्या आत डॉसबॉक्स-एक्स हा डॉसच्या मशीनची नक्कल करणारा फुकट प्रोग्रॅम टाका. जुन्या डिस्कवरचं प्रोग्रॅमचं फोल्डर पूर्ण कॉपी करा: डेटाच्या डीबीएफ फाइलींबरोबर इंडेक्सच्या सीडीएक्स, आयडीएक्स आणि मेमोची (लांब मजकुराची) एफपीटीही. एफपीटी राहिली तर मेमो गेला. इंडेक्स राहिला तर यादी उलटीसुलटी येते, पण तो पुन्हा बांधता येतो.

प्रोग्रॅम उघडताच ‘डिव्हाइड’चा एरर देऊन बंद पडला तर डेटा खराब झालेला नसतो. काही जुने प्रोग्रॅम सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतात आणि आजच्या वेगाला ते गणित पुरत नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये ‘सायकल्स’ (नक्कल केलेल्या प्रोसेसरचा वेग) कमी करून ठरावीक आकड्यावर ठेवा. छपाईसाठी त्यातलं पहिलं पॅरलल पोर्ट विंडोजच्या प्रिंटरकडे किंवा फाइलकडे वळवता येतं. यूएसबी ते पॅरलल केबल लावली तर विंडोजला प्रिंटर दिसतो, डॉसला थेट दिसत नाही, म्हणून हे वळवणं लागतंच. तिथल्याच सेटिंगमधला ‘फाइल्स’चा (एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइलींचा) आकडा लहान असला तर ‘टू मेनी फाइल्स ओपन’ येतं; तो १०० च्या आसपास ठेवा. रोज संध्याकाळी सौदे संपले की फोल्डरची तारीख घालून प्रत काढा.

पट्टी मराठीत निघत असेल तर जुनं मशीन उघडून पाहा. त्या काळी मराठी अक्षरांसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावत. ते आयएसए या जुन्या स्लॉटचं कार्ड आहे, नव्या बोर्डावर बसत नाही आणि डॉसबॉक्सलाही दिसत नाही. तसं असेल तर डेटा युनिकोडमध्ये बदलून नव्या प्रोग्रॅममध्ये नेणं हाच मार्ग उरतो, आणि तो सोयाबीनच्या हंगामाआधी उरका.

प्रश्न: शाळेच्या लॅबमधल्या दहा मशीनवर विंडोज टाकायची आहे. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. एकातून गेलं की ‘सिलेक्टेड डिस्क हॅज अ‍ॅन एमबीआर पार्टिशन टेबल’ म्हणून अडतं.
— शिक्षक, नायगाव (जि. नांदेड)

उत्तर: पेनड्राइव्ह ज्या नावाने उघडाल त्या पद्धतीने विंडोज बसते. ‘यूईएफआय’ लिहिलेल्या नावाने गेलात तर डिस्क जीपीटी हवी, नुसत्या नावाने गेलात तर एमबीआर. तुमची डिस्क जुन्या पद्धतीची आहे आणि पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने उघडला, एवढंच झालं आहे.

‘यूईएफआय’चंच नाव निवडा. मुलांचं काम आधी काढून घ्या, कारण पुढच्या पायरीत डिस्क पूर्ण कोरी होते. विंडोजच्या इन्स्टॉलच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, ‘डिस्कपार्ट’ टाइप करा, मग ‘लिस्ट डिस्क’. इथे पेनड्राइव्हही यादीत असतो, म्हणून साइज बघूनच नंबर ठरवा. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि नंबर, मग ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’. खिडकी बंद करून ‘रिफ्रेश’ करा आणि रिकाम्या जागेवर थेट ‘नेक्स्ट’ दाबा, पार्टिशन विंडोज स्वतः करते.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या आणि रुफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये ‘जीपीटी’ व ‘यूईएफआय’ निवडून बनवा. हाताने फॅट३२ करून फाइली कॉपी केल्या तर ‘इन्स्टॉल’ नावाची मोठी फाइल ४ जीबीच्या वर असल्याने जात नाही, फॅट३२ ची मर्यादाच तेवढी आहे. बूट मेनूसाठी डेल, लेनोवो आणि गीगाबाइटवर एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयच्या बोर्डावर एफ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डावर एफ८. एसरच्या बऱ्याच मशीनवर एफ१२ चा मेनू सेटअपमध्ये आधी चालू करावा लागतो. लॅबमध्ये विंडोज ७ ची जुनी सीडी असेल तर तिचा नाद सोडा. सीएसएमशिवाय ती लोगोपाशीच अडकते.

प्रश्न: यूट्यूबवर बघून लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट बंद करून लिगसी चालू केलं. आता निळा पडदा येतो आणि ४८ अंकी नंबर मागतो. पासवर्ड चालत नाही.
— विद्यार्थिनी, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर: जे बदललं ते आधी होतं तसं करा: लिगसी बंद, सिक्युअर बूट चालू. बहुतेक वेळा नंबर न मागता विंडोज उघडते. तो पडदा बिटलॉकरचा आहे. बूटची पद्धत बदलली की टीपीएम किल्ली द्यायला नकार देतं. तरीही मागितलाच तर लॅपटॉपवर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं होतं ते मोबाइलवर उघडा, त्यात ‘डिव्हाइसेस’खाली रिकव्हरी की सापडते. पडद्यावरच्या ‘की आयडी’चे पहिले आठ अक्षर-अंक जुळवून मगच ती घाला. मिळाली की कागदावर उतरवून घ्या. किल्ली सापडेपर्यंत कुणालाही लॅपटॉप फॉरमॅट करू देऊ नका, डेटा कायमचा जाईल.

प्रश्न: लग्नाच्या व्हिडिओंसाठी ४ टीबीची डिस्क घेतली, पण २ टीबीच वापरता येते. मशीन लिगसीत आहे. यूईएफआय करावं लागेल का?
— फोटोग्राफर, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर: नाही. एमबीआरच्या यादीत सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितात, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरने तो २ टीबीवर संपतो. ही डिस्क नुसत्या साठवणीची आहे, तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. त्यामुळे मशीन लिगसीत असलं तरी ही एक डिस्क जीपीटी करता येते. आतले व्हिडिओ दुसरीकडे हलवा, ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिचे सगळे भाग डिलीट करा, डावीकडे ‘डिस्क १’ असं जिथे लिहिलंय तिथे उजवं क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’ निवडा. मग एकच मोठं पार्टिशन करा. विंडोजमध्ये ते ३.६३ टीबी दिसेल. डिस्कची कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, म्हणून तेवढा फरक दिसतो.